गेम तोच, स्टोअर वेगळं: दोन भावंडांच्या स्कायरिमचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्याचं कुटुंब. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला, धाकटी मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बहिणीने गेम ज्या स्टोअरवरून घेतला त्याचं नावही त्याच कारणाने देत नाही. स्टीम आणि जीओजी ही कॉम्प्युटर गेम विकणारी ऑनलाइन स्टोअर; ते यांतलं एकही नव्हतं, एवढं कळलं तरी प्रकरण समजायला पुरेसं आहे.

दादाकडे 'स्कायरिम' या काल्पनिक जगातल्या साहसाच्या गेमची स्पेशल एडिशन स्टीमवर बऱ्याच वर्षांपासून होती. मूळ गेम नोव्हेंबर २०११ चा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याची ६४ बिटची स्पेशल एडिशन आली आणि मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल आणि भर, करणाऱ्यांचा मोठा गोतावळा तिच्याभोवती जमला. दादाने हळूहळू स्वतःची मांडणी उभी केली होती: नवं मेन्यू, नवं हवामान, लढाईचे बदललेले नियम, गावागावांत वाढवलेली माणसं. सगळं मॉड ऑर्गनायझर २ या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नीट लावलेलं, प्रत्येक मॉडपुढे स्वतःची टीप. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनसोबत मोठा अपडेट आला, तेव्हा त्याने विचारपूर्वक तो घेतला नाही आणि गेम १.५.९७ या आवृत्तीवर थांबवून ठेवला. मॉड वापरणाऱ्या कितीतरी लोकांनी तेव्हा हेच केलं, आणि त्यांचं कारण पक्कं होतं. ते पुढे येईल.

लॉकडाऊनमध्ये दादा घरून काम करायचा आणि रात्री खेळायचा. बहीण तेव्हा शाळेत होती. त्याच्या खुर्चीमागे बसून तिने हा गेम पाहिला होता. कुठल्या गुहेत काय आहे हे तिला पाठ, पण स्वतःचं मशीन नव्हतं. दुसऱ्या वर्षाला नवा लॅपटॉप मिळाला आणि दिवाळीच्या सुमारास एका स्टोअरवर गेम सवलतीत दिसला. तिने घेतला आणि भावाला कळवलं, "दादा, मी पण घेतला. आता तुझं सगळं मला दे."

दादाने सुट्टीत मॉड ऑर्गनायझरचं अख्खं फोल्डर आणि आपल्या सेव्ह फाइल्स (खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या) हार्ड डिस्कवर भरून दिल्या. हॉस्टेलच्या वायफायवर इतकं उतरवणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ही कल्पना योग्यच होती.

अडचण काय होती

नागपूरला परतल्यावर तिने सगळं जागच्या जागी ठेवलं आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडरचा, म्हणजे पुष्कळ मॉडना लागणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचा, लोडर चालू केला. एक छोटी खिडकी उघडली, आवृत्ती जुळत नाही अशी तक्रार दिसली आणि सगळं बंद. मग तिने लोडर बाजूला ठेवून मॉड ऑर्गनायझरमधून थेट गेमच सुरू केला. गेम उघडला. डोंगर, धुकं, संगीत सगळं ठीक. फक्त मुख्य मेन्यूवर स्कायूआय या मेन्यूच्या मॉडकडून 'स्कायूआय एरर कोड १' असं लिहून येत होतं: स्क्रिप्ट एक्स्टेंडर चालू नाही. दादाच्या सेव्ह फाइल्सचा पत्ताच नव्हता.

पहिला संशय लॅपटॉपवर गेला. तिने ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, अँटिव्हायरसला अपवाद सांगितला, व्हिज्युअल सी प्लस प्लसचे पॅकेज पुन्हा टाकले, गेम काढून पुन्हा उतरवला. प्रत्येक प्रयोगानंतर गेम उघडून मेन्यूवर थांबायचं, एरर गेला का ते बघायचं आणि खिडकी तशीच मागे ठेवून पुढचा उपाय शोधायचा. हे तपशिलात सांगतो, कारण याच वेळात तिचे पैसे अडकले. स्टोअरच्या हिशोबात मेन्यूवर उभं राहणंही खेळणंच असतं. परतावा हवा असेल तर खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत हवा, हा तिच्या स्टोअरचा नियम होता. तिने दादाला फोन केला तोपर्यंत ती मर्यादा ओलांडली होती.

दादाने ड्रायव्हर, विंडोज, सगळं तपासून पाहिलं आणि मग माझ्याकडे आला. अशी मांडणी लावून देण्याचं काम ओळखीच्या लोकांसाठी मी बरंच केलं आहे.

कारण कुठे सापडलं

मी पहिली गोष्ट करायला सांगितली ती अगदी साधी. दोघांनीही गेमच्या फोल्डरमध्ये जायचं, मुख्य ईएक्सई फाइलवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या फाइलवर, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायचं आणि डिटेल्सच्या पानावर फाइल व्हर्जन वाचून दाखवायचं. दादाचं आलं १.५.९७. बहिणीचं १.६ ने सुरू होणारं. गेमचं नाव एक, चित्र एक, आणि चालणारी फाइल वेगळी. निदान तिथेच झालं. पुढचे सगळे प्रश्न या दोन आकड्यांमधल्या फरकाचे होते.

एसकेएसई, म्हणजे स्कायरिमचा स्क्रिप्ट एक्स्टेंडर, गेमच्या ईएक्सईमध्ये ठराविक पत्त्यांवर आपलं काम जोडतो. गेमच्या निर्मात्यांनी ईएक्सई पुन्हा बांधली की ते पत्ते सरकतात. गल्लीतल्या सगळ्या घरांचे नंबर एका रात्रीत बदलावेत आणि पोस्टमनकडे जुनी यादी असावी, तशी गत होते. साध्या अपडेटमध्ये थोडे पत्ते हलतात. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये कंपायलरच, म्हणजे कोडपासून ईएक्सई बनवणारा प्रोग्रॅमच, नवा होता, त्यामुळे जवळपास सगळेच हलले. डीएलएल, म्हणजे एसकेएसईमार्फत चालणारी कोडची फाइल, असलेला प्रत्येक मॉड नव्याने बांधावा लागला. ज्यांचे लेखक तोवर गेम सोडून गेले होते, ते मॉड १.५.९७ वरच राहिले. दादाच्या यादीत असे मॉड होते, म्हणून तो थांबला होता.

'ॲड्रेस लायब्ररी' नावाचा मॉड हीच पत्त्यांची यादी पुरवतो. फाइलच्या नावातच आवृत्ती असते. दादाच्या फोल्डरमध्ये होती 'व्हर्जन-१-५-९७-०.बिन'. नव्या आवृत्त्यांसाठी नाव सुरू होतं 'व्हर्जनलिब' असं, उदाहरणार्थ 'व्हर्जनलिब-१-६-११७०-०.बिन'. हार्ड डिस्कवरून आलेल्या फोल्डरमध्ये दुसऱ्या प्रकारची एकही फाइल नव्हती. ती असायचं कारणच नव्हतं.

इथवर हा आवृत्तीचा प्रश्न झाला. स्टोअरचा प्रश्न त्यावर आणखी एक थर चढवतो. प्रत्येक स्टोअर आपली लॉगिनची, अचिव्हमेंटची, कॉपी-संरक्षणाची व्यवस्था गेमला जोडतं, म्हणून एकाच दिवशीच्या अपडेटचीही ईएक्सई स्टोअरगणिक वेगळी निघते. एसकेएसईच्या मंडळींनी स्टीमसाठी एक आणि जीओजीसाठी दुसरं असं वेगवेगळं बांधणीकाम ठेवलं आहे. एपिक स्टोअर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पास (मायक्रोसॉफ्टची वर्गणीची सोय) यांच्या प्रतींना त्यांचा पाठिंबा नाही. ही माणसं फुकट काम करतात. किती प्रतींच्या मागे धावायचं याला त्यांनी मर्यादा घातली, यात मला काही गैर वाटत नाही. पण दुकानाच्या पानावर 'मॉड चालतील का' ही ओळ कुठेच नसते, आणि नवीन माणसाला हे आधी कळायला काही मार्गच नसतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सेव्ह न दिसण्याचं कारण सोपं निघालं. स्टीमची प्रत डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स' फोल्डरात 'स्कायरिम स्पेशल एडिशन' या नावाखाली सेव्ह ठेवते. जीओजीची त्याच नावापुढे जीओजी जोडते. बहिणीच्या प्रतीचं फोल्डरही वेगळ्या नावाचं होतं आणि फाइल्स स्टीमच्या नावाच्या फोल्डरात पडून होत्या. त्या हलवल्यावर दिसल्या, पण उघडताना 'ही सेव्ह ज्या सामग्रीवर अवलंबून आहे ती आता नाही' अशी सूचना आली. तिथे मी तिला थांबायला सांगितलं. अशी सेव्ह रेटून उघडली आणि पुन्हा सेव्ह केली तर आतला हिशोब कायमचा बिघडतो.

समोर असलेले पर्याय

पहिला: आहे त्या प्रतीवर, एसकेएसई न लागणारे मॉड घेऊन खेळायचं. खर्च शून्य. चित्रं, कपडे, नवी गावं असे पुष्कळ मॉड एसकेएसईशिवाय चालतात. पण दादाच्या मांडणीचा कणा, म्हणजे मेन्यू, लढाई आणि बहुतेक दुरुस्त्या, त्यावरच उभा होता. बहिणीचं म्हणणं स्पष्ट होतं, "मला नवा गेम नकोय, दादाचा पाहिजे."

दुसरा: स्टीम फॅमिलीज. २०२४ मध्ये आलेल्या या सोयीत सहा जणांपर्यंतच्या कुटुंबाला एकमेकांचे गेम खेळता येतात. दादाला हा पर्याय फार आवडला होता. यात दोन अडचणी होत्या. प्रत एकच असेल तर एका वेळी एकालाच खेळता येतं, आणि दोघांना वेळ मिळायचा तो शनिवारी रात्रीच. शिवाय ही सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, असं स्टीम स्वतःच सांगतं. पुणे आणि नागपूर हे एक घर नव्हे. मी तो पर्याय बाजूला ठेवायला सांगितलं.

तिसरा: जीओजीची प्रत. मला व्यक्तिशः जीओजीची पद्धत आवडते. इन्स्टॉलरची फाइल आपल्याजवळ ठेवता येते, गॅलक्सी ॲपमधून मागच्या आवृत्तीवर जाता येतं, आणि गेम चालवून पाहिला असला तरी खरेदीपासून ३० दिवसांत परतावा मागता येतो. पण स्कायरिम जीओजीवर आला सप्टेंबर २०२२ मध्ये, १.६.६५९ या आवृत्तीने. १.५.९७ तिथे कधी नव्हतीच, त्यामुळे दादाची मांडणी तिथे जशीच्या तशी उतरणं अशक्य. ही एक बाब माहीत नसती तर दुसऱ्यांदा पैसे वाया गेले असते.

चौथा: स्टीमची नवी प्रत. पैसे पुन्हा घालायचे, पण दोघं एका स्टोअरवर येतात.

पाचवा पर्याय तिच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राने सुचवला: कुठूनतरी फोडलेली १.५.९७ ची ईएक्सई आणून टाकायची. हा आम्ही चर्चेलाही घेतला नाही. अनोळखी ईएक्सई लॅपटॉपवर चालवायची, तीही जिथे कॉलेजचं सगळं काम आहे तिथे, हे कुठल्याही गेमसाठी करण्यासारखं नाही.

यात एक मावसभाऊही होता. त्याच्याकडे गेम पास होता आणि त्यालाही हेच हवं होतं. परिस्थिती समजल्यावर त्याने आहे तसा गेम खेळायचं ठरवलं आणि तो या गोष्टीतून बाहेर पडला.

निर्णय

चौथा पर्याय ठरला आणि खरेदी डिसेंबरअखेरच्या सेलपर्यंत थांबवली. तेवढ्यात खरा अवघड प्रश्न पुढे आला. स्टीमवर नवी प्रत घेतली की ती येणार १.६.११७० या आवृत्तीने, म्हणजे स्टोअर एक होऊनही दोघं एका जागी नाहीतच. आता दादाला वर आणायचं की बहिणीला खाली?

माझं मत दादाला वर आणावं असं होतं. जे मॉड आज जिवंत आहेत त्यांचं काम नव्या आवृत्तीवर चालतं. डिसेंबर २०२३ च्या १.६.११३० पासून हलक्या प्लगइनची (मॉडच्या छोट्या डेटा फाइलची) मर्यादाही वाढली आहे, आणि तशा नव्या पद्धतीने सेव्ह केलेले प्लगइन जुन्या आवृत्तीला वेगळ्या मॉडच्या मदतीशिवाय वाचता येत नाहीत. जितका उशीर, तितकं अंतर वाढत जाणार. पण त्यासाठी दादाला यादी उलगडून काही मॉड सोडावे लागले असते, आणि त्याची चालू सेव्ह नव्या यादीवर तगेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. बहिणीला नेमकी तीच सेव्ह हवी होती. तिच्या दृष्टीने दादाने पुढे जाणं म्हणजे हवी ती गोष्टच हातची जाणं.

दोघांनी ठरवलं: बहीण खाली येणार. निर्णय त्यांचा होता, आणि त्यांना काय हवं होतं ते पाहता तो समजण्यासारखा होता. मी फक्त एक अट घातली. जुनी ईएक्सई दादाच्या फोल्डरातून उचलायची नाही. बहिणीने स्वतःच्या खात्यातून, स्टीमच्या कन्सोलमध्ये 'डाउनलोड डेपो'ची आज्ञा देऊन (डेपो म्हणजे स्टीमवरचा गेमच्या फाइल्सचा गठ्ठा), स्टीमच्याच सर्व्हरवरून जुन्या फाइल्स उतरवायच्या. आपल्या खात्यावर असलेल्या गेमची जुनी आवृत्ती अशी घेता येते. प्रत तिची, फाइल्सही तिच्या, आणि काही बिघडलं तर कोणाची कुठली फाइल हा गुंता राहत नाही.

केलेली कामं

ती सुट्टीत साताऱ्याला आली तेव्हा घरच्या ब्रॉडबँडवर हे सगळं झालं. गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर, स्वतंत्र ड्राइव्हवर टाकला, म्हणजे विंडोजच्या परवानग्यांचा अडथळा येत नाही. जुने डेपो उतरवले, ईएक्सईचं व्हर्जन पुन्हा वाचून पाहिलं आणि १.५.९७ दिसल्यावरच पुढे गेलो. एसकेएसईही त्याच आवृत्तीचा घेतला. मॉड ऑर्गनायझर एकही मॉड न लावता उघडला, त्यातून गेम सुरू केला आणि गेममधल्या कन्सोलमध्ये एसकेएसईची आवृत्ती विचारली. उत्तर बरोबर आलं, मग मॉड पाच-सहा अशा गटांनी लावले. सगळे एकदम लावून अडचण शोधत बसण्यापेक्षा यात वेळ कमी जातो.

सेव्ह हलवताना एक गोष्ट राहून जात होती. एसकेएसई प्रत्येक सेव्हच्या शेजारी त्याच नावाची, .एसकेएसई या शेपटाची दुसरी फाइल ठेवतो. दादाने पहिल्यांदा फक्त .ईएसएस फाइल्स दिल्या होत्या. दुसरी फाइल नसली तरी सेव्ह उघडते, म्हणून काही चुकल्याचं लक्षात येत नाही, पण मॉडने त्या फाइलमध्ये साठवलेली माहिती गायब झालेली असते. या वेळी जोड्या नेल्या. सेव्ह कुठलीही सूचना न देता उघडली. गेममधल्या व्हाइटरन शहरातल्या घरात, मांडणीवर ठेवलेली भांडीसुद्धा जागच्या जागी होती, आणि बहिणीने सगळ्यात आधी तीच तपासली.

शेवटी अपडेटचा बंदोबस्त. स्टीममध्ये या गेमपुरतं 'फक्त सुरू करताना अपडेट करा' हा पर्याय निवडला आणि गेम कायम मॉड ऑर्गनायझरमधूनच उघडायचा असं ठरलं.

पुढे काय झालं

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. शनिवारी रात्री दोघं फोनवर बोलत एकाच सेव्हवरून सुरू केलेले आपापले प्रवास खेळायची.

मग हॉस्टेलमधल्या रूममेटने गेम बघायला म्हणून स्टीमच्या लायब्ररीतलं हिरवं 'प्ले' बटण दाबलं. स्टीमने आपलं काम केलं: अपडेट उतरवला आणि ईएक्सई १.६.११७० झाली. संध्याकाळी बहिणीने लोडर उघडला तर तीच ओळखीची खिडकी. या वेळी तिने ड्रायव्हरला हात लावला नाही. प्रॉपर्टीज उघडलं, आकडा वाचला आणि दादाला तोच कळवला.

दुरुस्ती अवघड नव्हती, पण डेपो पुन्हा उतरवायला हॉस्टेलच्या नेटवर दोन रात्री गेल्या. त्यानंतर आम्ही बंदोबस्त बदलला. १.५.९७ चं अख्खं गेम फोल्डर स्टीमच्या लायब्ररीबाहेर, मॉड ऑर्गनायझरच्या फोल्डरात वेगळं कॉपी केलं आणि मॉड ऑर्गनायझरला तिथून गेम चालवायला सांगितलं. खेळताना स्टीम चालू लागतं, पण स्टीमच्या लायब्ररीतल्या प्रतीला कितीही अपडेट आले तरी या प्रतीला धक्का लागत नाही. डिस्कवर जागा जास्त जाते, आणि ती किंमत परवडते.

पहिल्या स्टोअरवरची प्रत तिच्या खात्यावर तशीच आहे. त्या पैशांचं काही होऊ शकलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक खरेदीच्या आधीच्या एका फोनने पडला असता. तिने घेऊन मग कळवलं, कारण तिला दादाला चकित करायचं होतं. गेम नुसता खेळायचा असेल तर कुठूनही घ्यावा, स्वस्त मिळेल तिथून घ्यावा. मॉड, कुणाची सेव्ह किंवा कुणासोबत खेळणं यातलं काहीही मनात असेल, तर ज्याच्यासोबत खेळायचं त्याचं स्टोअर आणि त्याच्या ईएक्सईचा आकडा आधी विचारावा.

दुसरं, परताव्याच्या मुदतीत काय तपासायचं याचा क्रम. स्टीम आणि एपिक दोन्हीकडे ठोकताळा सारखाच आहे: खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ. ते दोन तास ड्रायव्हरवर घालवू नयेत. गेम एकदाच उघडायचा, लोडर चालतो का ते पाहायचं आणि नाही चालला तर गेम बंद करून मग शोध घ्यायचा. शोध घेताना गेम मागे उघडा राहू द्यायचा नाही. बहिणीने इतकं केलं असतं तरी पहिल्या खरेदीचे पैसे बहुधा परत मिळाले असते.

स्वतंत्र फोल्डरची कल्पना साताऱ्यातच अमलात आणायला हवी होती, असं दादा म्हणतो. तेव्हा लॅपटॉपवर जागा कमी होती आणि साधा बंदोबस्त पुरेसा वाटत होता. रूममेट 'प्ले' दाबेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि हॉस्टेलच्या खोलीत ते कधी ना कधी होणारच होतं.

वर जायचं की खाली, या प्रश्नाबद्दल माझं मत बदललेलं नाही. गेल्या महिन्यात बहिणीला एक नवा मॉड आवडला. त्याची डीएलएल फक्त १.६.११७० साठी बांधलेली आहे आणि लेखकाने जुन्या आवृत्तीसाठी बांधणार नाही असं पानावरच लिहिलं आहे. दादाने यादी काढून कोणते मॉड सोडावे लागतील त्यांच्यापुढे खुणा करायला सुरुवात केली आहे. सेव्ह तशीच ठेवून १.५.९७ चं फोल्डर जपायचं आणि नव्या आवृत्तीवर नवं पात्र सुरू करायचं, असा विचार सध्या चालू आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं साताऱ्याला असतील तेव्हा ते ठरवतील.